शेतकऱ्याची स्वतःची वही

सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांचा मोठा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. पुढें थोड्याच काळांत हें लोण अहमदनगर जिल्ह्यांत पोंचलें आणि पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांतील गांवांतही तसेच प्रकार घडले. इतिहासांत या घटनेस 'दख्खनचे दंगे' असें म्हणतात. त्यांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे व हिशेबाच्या वह्या हातीं घ्यावयाच्या आणि चव्हाट्यावर त्यांची होळी करावयाची, हा त्याचा उद्देश होता. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें बाहेर काढून दिले, तेथें मारहाण सहसा झाली नाहीं, असें पुढें नेमलेल्या चौकशी-मंडळासही आढळून आलें.

कागदांवर एवढा राग कां असावा? अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव चढले. त्याबरोबर शेतकऱ्याची पतही वाढली आणि कर्ज सुलभ झालें. युद्ध संपलें, भाव कोसळले. इकडे कित्येक तालुक्यांत नव्या आकारणीनें जमिनीचा सारा वाढला. कर्ज मात्र जेथल्या तेथें राहून व्याजानें फुगत गेलें. मुद्दल किती घेतलें, धान्याच्या रूपानें किती फेडलें, बाकी किती राहिली व ती नव्या खतांत कशी मिळविली गेली, ही सारी कथा एकाच वहींत लिहिलेली होती आणि ती वही सावकाराच्या पेटींत होती. शेतकऱ्याजवळ त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून केवळ त्याची स्मरणशक्ति होती. आणि न्यायालयांत स्मरणशक्तीपेक्षां कागदावरील अंगठ्याच्या निशाणीस अधिक मोल होतें. म्हणून त्यानें वही जाळली. परंतु वही जाळल्यानें हिशेब मिटत नाहीं. तो कोणालाच कळेनासा होतो, इतकेंच.

सरकारासही या दुखण्याचें मूळ कांहीं अंशीं उमगलें. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा झाला, तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. नुसत्या खतावर विसंबून न राहतां व्यवहाराचा इतिहास अगदीं आरंभापासून तपासून हिशेब करावा, असें त्यानें न्यायाधीशांस बजाविलें. शेतकऱ्यानें करून द्यावयाचे दस्तऐवज गांवच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावे, पैसे भरल्याची लेखी पावती त्यास मिळावी, वर्षास एकदां हिशेबाचा उतारा मिळावा आणि मागणी केल्यास त्याच्या नांवें एक पासबुक लिहून देण्यांत यावें, अशी तरतूद त्यांत होती. हा कायदा आतां इतिहासजमा झाला आहे. पण त्यांतील मर्म अद्याप शिळें झालेलें नाहीं. ज्याचा हिशेब दुसऱ्याच्या हातीं असतो, त्याचें निम्में स्वातंत्र्यही दुसऱ्याच्या हातीं असतें, हें त्या कायद्यानें अप्रत्यक्षपणें मान्य केलें. मात्र दुसऱ्यानें लिहिलेला हिशेब पाहण्याचा हक्क कायदा देऊं शकला, तरी स्वतःचा हिशेब लिहिण्याची संवय कोणताही कायदा लावूं शकत नाहीं.

ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे, त्या जिल्ह्यांतील आजच्या बागाईतदाराची स्थिति पाहिली तर एक मोठी गंमत दिसून येते. त्याच्याविषयींच्या नोंदी ठिकठिकाणीं अगदीं काटेकोरपणें ठेवल्या जातात. तलाठ्याच्या दप्तरीं सातबाऱ्यावर त्याचें क्षेत्र व पीक लिहिलेलें असतें. २०२१ पासून ई-पीक पाहणींत ही पिकाची नोंद तो स्वतः मोबाइलवरून करूं शकतो. सोसायटीच्या खतावणींत त्याचें कर्ज असतें. साखर कारखान्याच्या काट्यावर त्याच्या उंसाचें वजन उतरतें. दूध संकलन केंद्रावर त्याच्या दुधाचें माप, स्निग्धांश व इतर घनपदार्थ यांची चिठ्ठी निघते. बाजार समितींत अडत्याच्या पट्टीवर त्याच्या कांद्याचें वजन व भाव, आणि हमाली-तोलाईच्या रकमा असतात. या प्रत्येकाचें वर्षही निराळें. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतें, बँकेचें १ एप्रिलला, साखरेचें १ ऑक्टोबरला, आणि व्यापारी आपली नवी वही दिवाळीच्या पाडव्यास पूजितो. शेतकऱ्याचा असा तुकड्यातुकड्यांनीं हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत. ते सारे तुकडे एकत्र जुळवून 'या शेतानें या वर्षीं मला काय दिलें' या एका प्रश्नाचें उत्तर सांगणारी वही मात्र बहुधा कोठेंच नसते. ती ठेवावयास हवी त्याच्याच घरीं, आणि तेथें सांपडतो तो पावत्यांनीं फुगलेला एक पिशवीचा गठ्ठा.

याचीं कारणें शेतकऱ्याच्या आळसांत शोधणें अन्यायाचें होईल. व्यापारी वही ठेवतो, कारण प्राप्तिकरासाठीं ती त्यास ठेवावीच लागते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नसल्यानें शेतकऱ्यावर तशी सक्ति नाहीं. दुसरें असें कीं, दुकानाचें घर व दुकान हीं दोन असतात. शेतकऱ्याचें घर व शेत हें एकच असतें. जो गहूं विकावयाचा, तोच खावयाचा. जी बैलजोडी शेत नांगरते, तीच बाजाराला जाते. जी सून घर सांभाळते, तीच कांदा लावते. यांतील धंद्याचें किती व घराचें किती, हें वेगळें काढणें सोपें नाहीं. आणि तिसरें कारण मनांतलें आहे: तोट्याचा आंकडा कागदावर उतरला कीं तो डोळ्यांसमोरून हालत नाहीं, मनांत ठेवला तर पुढच्या पावसाच्या आशेनें पुसतां येतो.

तथापि शेतीचा हिशेब म्हणजे काय, याचा शास्त्रशुद्ध विचार ज्या भूमींत प्रथम झाला, तींत याच जिल्ह्याची गणना करावी लागते. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें; प्रवरेच्या आणि त्यापूर्वींच्या गोदावरीच्या कालव्यांनीं जिल्ह्याच्या उत्तर भागाचा कायापालट केला. कालव्यांनीं लाभ झाला हें दिसतच होतें. पण तो किती, कोणास व कोणत्या वाटेनें, हें कोणीं मोजलें नव्हतें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं ही मोजणी हातीं घेतली. पाण्याखालील शेती व कोरडवाहू शेती यांची तुलना करून प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा जो अहवाल तयार झाला, तो १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सालीं लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. गाडगीळच त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामांत तेथें गाळपास प्रारंभ झाला. अर्थशास्त्राचा प्राध्यापक व खेड्यांतील शेतकरी यांच्या या मैत्रीचें कौतुक पुष्कळ झालें आहे. तिचा एक अर्थ असाही आहे कीं, ज्या शेतकऱ्याचा माल पूर्वीं आडत्याच्या शब्दावर विकला जाई, त्याच्या उंसाचें वजन, त्याचा भाव व कारखान्याचा ताळेबंद हीं सर्व सभासदांच्या सभेंत उघड वाचावयाचीं झालीं. सहकार म्हणजे एका अर्थीं सर्वांनीं मिळून एक वही पाहणें होय.

यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. १९५४-५५ सालापासून भारत सरकारनें देशांतील निवडक भागांत शेतीव्यवस्थापनाच्या अभ्यासास आरंभ केला. तेव्हांच्या मुंबई राज्यांतून त्यासाठीं अहमदनगर व नाशिक हे दोन जिल्हे निवडण्यांत आले, आणि तेथें १९५६-५७ पर्यंत तीन वर्षें काम चाललें. माहिती दोन रीतींनीं मिळविली गेली. एक रीत पाहणीची: तपासनीसानें ठराविक वेळीं येऊन शेतकऱ्यास विचारावें व तो आठवून सांगेल तें लिहून घ्यावें. दुसरी रीत दैनंदिन हिशेबाची: नेमलेल्या माणसानें गांवांतच राहावें, निवडलेल्या कुटुंबांकडे रोज जावें, आणि कोणत्या तुकड्यांत किती माणसें, किती बैल, किती तास राबले, किती खत पडलें, किती पाणी दिलें, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. दोन्ही रीती शेजारीं शेजारीं ठेवण्याचा हेतु हाच कीं, आठवणींतला हिशेब व दररोजचा हिशेब यांत अंतर किती पडतें तें कळावें. दंग्याच्या काळीं ज्या पारनेर-श्रीगोंद्याकडे वह्या जळाल्या, त्याच जिल्ह्यांत ऐंशीं वर्षांनीं शेतकऱ्याच्या दाराशीं बसून त्याची वही त्याच्याच तोंडून लिहिली गेली, ही घटना लहान नव्हे.

या अभ्यासांतून उत्पादनखर्चाच्या ज्या कल्पना रुळल्या, त्या आज वर्तमानपत्रांतून 'ए-दोन', 'सी-दोन' अशा नांवांनीं वारंवार वाचावयास मिळतात. शहरांतील वाचकास त्या सांकेतिक भाषेसारख्या वाटतात. पण त्यांचा अर्थ अगदीं घरगुती आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. समजा, राहुरीकडील एका शेतकऱ्यानें एक एकर उन्हाळी कांदा केला. बियाणें, लावणीची मजुरी, रासायनिक खत, औषध, काढणी, बारदान व बाजारापर्यंतचें भाडें मिळून त्याच्या खिशांतून ६०,००० रुपये गेले. कांदा १०० क्विंटल निघाला व १,००० रुपये भावानें १,००,००० रुपये आले. 'यंदा कांद्यानें चाळीस हजार दिले,' असें तो घरीं येऊन सांगतो, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं.

आतां वही उघडूं. शेतांत घरच्या गोठ्यांतील शेणखत पडलें. तें विकत घ्यावें लागतें तर १२,००० रुपये पडते. मोटार, नळ्या व अवजारें यांची या पिकापुरती झीज आणि गुंतविलेल्या खेळत्या पैशावरील व्याज मिळून ५,००० रुपये धरूं. खर्च झाला ७७,०००; शिल्लक उरली २३,०००. जमीन दुसऱ्याची खंडानें घेतली असती तर तो खंडही यांतच मिळवावा लागता. हा 'ए-दोन' खर्च. यानंतर नवरा-बायकोंनीं मिळून ६० दिवस या कांद्यांत काम केलें. गांवच्या दरानें दिवसाचे ४०० रुपये धरले तर २४,००० होतात. खर्च १,०१,००० वर गेला आणि चाळीस हजारांचा नफा एक हजाराच्या तोट्यांत पालटला. शेवटीं, स्वतःचीच जमीन दुसऱ्यास दिली असती तर जो खंड आला असता तो आणि विहिरीसारख्या स्थिर भांडवलावरील व्याज मिळून १८,००० रुपये जोडले, म्हणजे एकूण खर्च १,१९,००० होतो, हा 'सी-दोन'. एकाच कांद्याचा क्विंटलचा खर्च अशा रीतीनें ६००, ७७०, १,०१० किंवा १,१९० रुपये सांगतां येतो.

यांतील खरा आंकडा कोणता, असें विचारणें चुकीचें आहे. चारही खरे आहेत; प्रत्येक आंकडा निराळ्या प्रश्नाचें उत्तर देतो. खिशांतून गेलेला पैसा परत आला काय, हें पहिला सांगतो. जमिनीचा कस व अवजारें कायम राखून हा धंदा पुढें चालेल काय, हें दुसरा सांगतो. घरच्या माणसांच्या घामाचें मोल, निदान मजुराइतकें तरी, मिळालें काय, हें तिसरा सांगतो. आणि हीच जमीन, हेंच भांडवल दुसरीकडे लावलें असतें तर बरें झालें असतें काय, याचा उलगडा चौथा करतो. या अभ्यासांच्या आंकड्यांवरूनच १९६२ सालीं अमर्त्य सेन यांनीं एक कोडें मांडलें होतें: घरच्या श्रमांस बाजारभावाची मजुरी लावली तर भारतांतील पुष्कळशी शेती तोट्यांत दिसते, तरी ती चालू कशी राहते? उत्तर असें कीं, लहान शेतकऱ्याच्या घरच्या माणसांस बाहेर तेवढ्या मजुरीचें काम मिळण्याची शाश्वति नसते. म्हणून तीं आपल्याच शेतांत, कमी मोलानें, अधिक राबतात. वही नसली म्हणजे हें कमी मोल कोणाच्या नजरेस येत नाहीं. मग तें दिल्लीच्या नाहीं, मुंबईच्या नाहीं आणि त्या घराच्याही नाहीं.

सरकारी भावाचा सारा वाद याच अंतराचा आहे. २००४ ते २००६ या काळांत डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगानें, आधारभाव उत्पादनखर्चाच्या निदान दीडपट असावा, अशी शिफारस केली. २०१८ च्या अंदाजपत्रकांत दीडपटीची घोषणा झाली, पण ती 'ए-दोन' व घरची मजुरी यांच्या बेरजेवर. शेतकरी संघटनांची मागणी मात्र 'सी-दोन'वर आहे. आणि कांदा तर या आधारभावाच्या यादींतच नाहीं. महाराष्ट्रांतील पिकांच्या खर्चाची माहिती गोळा करण्याचें काम याच जिल्ह्यांतील राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. परंतु निवडलेल्या कांहीं शेतांवरून काढलेली ती सरासरी असते. सरासरीवरून देशाचें धोरण ठरतें, एका घराचें ठरत नाहीं.

घराचें धोरण ठरविण्यास वही कशी उपयोगी पडते, हें वरच्याच उदाहरणांत पाहतां येईल. समजा, काढणीच्या तोंडावर भाव १,००० वरून ४०० रुपयांवर आला. निराश झालेला शेतकरी उभ्या पिकांत नांगर घालावयास निघतो. पण त्याच्या वहींत काढणी, बारदान व भाडें यांचे १५,००० रुपये, म्हणजे क्विंटलला १५० रुपये, निराळे मांडलेले असतील, तर त्यास दिसेल कीं, लावणी व खत यांचे पैसे आतां काढला तरी गेले आणि न काढला तरी गेले. काढला तर क्विंटलमागें २५० रुपये तरी हातीं येतील. उलट भाव १२० वर उतरला तर काढणेंच तोट्याचें. रागाच्या भरांत घ्यावयाचा निर्णय अशा वेळीं दोन ओळींच्या वजाबाकीनें घेतां येतो.

अशी वही ठेवण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. आरंभाचा दिवस मात्र नीट निवडावा. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या आधीं, बहुतेक शेतें मोकळीं असतात, कणगींतलें धान्य तळाला गेलेलें असतें, आणि मोजण्यासारखा साठा कमींत कमी असतो. म्हणून तोच दिवस सोयीचा. त्या दिवशीं पहिल्या पानांवर जंत्री करावी: जमीन किती व कोठें, गुरें किती व कोणत्या वयाचीं, अवजारें, मोटार, नळ्या, घरांतील बी-बियाणें, वैरण, खत, उभें पीक, कोणाकडून येणें, कोणास देणें, आणि प्रत्येकापुढें त्या दिवशींची वाजवी किंमत. दुसरा भाग रोजकीर्दीचा: आलेला व गेलेला पैसा, त्याच रात्रीं, कारण लिहून. तिसरा भाग कामाचा: कोणत्या तुकड्यांत कोणीं किती वेळ काम केलें, मजूर रोजंदारीचा कीं उक्ता, आणि घरचें माणूस असल्यास त्याचेंही नांव. चौथा भाग मालाचा: किती निघाला, किती विकला, किती घरीं ठेवला, किती बियाण्यास व गुरांस गेला. प्रत्येक शेतास जसें नांव असतें, विहिरीकडचें, ओढ्याकाठचें, माळाचें, तसें प्रत्येक नोंदीपुढें तें नांव घालावें. सगळें एकत्र लिहिलें तर वर्षाअखेरीस एकच बेरीज निघते, आणि कोणता तुकडा दुसऱ्याच्या जिवावर जगला हें कधींच कळत नाहीं.

कांहीं चुका नेहमीं होतात, त्या टाळाव्या. सोसायटीचें कर्ज हातीं आलें म्हणजे तें उत्पन्न नव्हे, आणि उंसाच्या बिलांतून तें कापून गेलें म्हणजे तो खर्चही नव्हे. खर्च तो फक्त व्याजाचा. कारखान्याच्या बिलांतून कापलेली रक्कम वजा जातां जी हातीं पडते, तिलाच कित्येकजण उंसाचें उत्पन्न समजतात, आणि चांगलें पिकलें असतांही ऊंस बुडाला असें म्हणतात. मोटारीची किंमत एकाच वर्षाच्या खर्चांत टाकणें जसें चूक, तसें ती अजिबात न टाकणेंही चूक; ती जितकीं वर्षें चालेल तितक्या वर्षांवर वांटावी, यालाच घसारा म्हणतात. आडसाली उंसाचें पीक सोळा-अठरा महिने शेतांत उभें असतें. त्याचें पहिलें वर्ष खर्चाचें व दुसरें उत्पन्नाचें. म्हणून वर्षाअखेरच्या जंत्रींत उभ्या उंसावर झालेला खर्च मांडला नाहीं, तर एक वर्ष विनाकारण रडकें व दुसरें विनाकारण हंसरें दिसेल. शिवाय अठरा महिन्यांच्या पिकाची तुलना चार महिन्यांच्या पिकाशीं एकराच्या एकट्या आंकड्यानें करूं नये. दर महिन्यास व दर पाण्याच्या पाळीस काय पडलें, तें पाहावें. खोडव्याचा हिशेबही याच न्यायानें करावा: लागणीचा खर्च एकट्या पहिल्या तोडणीवर न घालतां पुढच्या खोडव्यांतही वांटावा.

जिल्ह्यांत संकरित गाईंचें दूध हा मोठा जोडधंदा आहे, आणि त्याचा पैसा ठराविक दिवसांनीं नियमित येत असल्यानें घरखर्चाचा आधार तोच असतो. परंतु पैसा नियमित येणें व फायदा होणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. विकत घेतलेली पेंड प्रत्येकाच्या लक्षांत राहते. घरच्या शेतांतला मका व घांस फुकट समजला जातो. तो चारा बाजारांत विकला असता तर काय आलें असतें, तें गाईच्या नांवें लिहावें, आणि गोठ्यांतून शेतास गेलेलें शेणखत गाईच्या जमेस धरावें. असें केलें म्हणजे कित्येकदां असें दिसतें कीं, गोठ्यांतील दोन गाई बाकीच्या दोघींना पोसत आहेत. कोणती गाय ठेवावी व कोणती काढावी, हें मग ममतेबरोबर आंकड्यांसही विचारतां येतें.

कामाच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट उघडकीस येते. कांद्याची लावणी, निंदणी, निवड; गाईंचें पाणी, शेण, धारा; या कामांचा मोठा भार स्त्रियांवर असतो. सातबाऱ्यावर बहुधा त्यांचें नांव नसतें, कारखान्याच्या पावतीवर नसतें, सोसायटीच्या खतावणींतही क्वचितच असतें. ज्या वहींत 'घरचें माणूस, अर्धा दिवस' एवढी नोंद रोज होते, तींत वर्षाअखेरीस त्या अर्ध्या दिवसांची बेरीज दीडशें दिवसांवर गेलेली पाहून घरांतील पुरुषांस प्रथमच आश्चर्य वाटतें. शिवाय आज अनेक घरांत शाळा-कॉलेजांत शिकलेल्या मुली व सुना आहेत. रात्रीं पांच मिनिटांत ही वही लिहिण्याचें काम त्या सहज करूं शकतात. मात्र वही लिहिणारीस ती वाचण्याचा व निर्णयांत बोलण्याचाही अधिकार असला पाहिजे. नाहीं तर ती केवळ कारकुनी होईल.

पैशाप्रमाणें पाण्याचीही वही असूं शकते, हें नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवानें दाखविलें आहे. पर्जन्यछायेंतील हें गांव एके काळीं दुष्काळानें व स्थलांतरानें खंगलेलें होतें. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं १९९० नंतर तेथें पाणलोटाचीं कामें झालीं. परंतु केवळ पाणी अडविल्यानें काम भागत नाहीं, हें ओळखून गांवानें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस पर्जन्यमापकांनीं मोजावयाचा, जमिनींत किती मुरला याचा अंदाज घ्यावयाचा, माणसांस व गुरांस किती लागेल तें आधीं बाजूस काढावयाचें, आणि उरलेल्या पाण्यांत रब्बीचें व उन्हाळी पीक किती घ्यावयाचें, हें ग्रामसभेंत ठरवावयाचें. पाऊस कमी, तर पीकही कमी. ऊंसासारखीं फार पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, शेतीसाठीं विंधनविहिरी खणावयाच्या नाहींत, असे निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतले. जमेपेक्षां खर्च अधिक करावयाचा नाहीं, हा कोणत्याही वाण्याच्या दुकानांतला नियम तेथें भूगर्भांतील पाण्यास लावण्यांत आला आहे. जिल्ह्यांत ज्यांच्या वहींत पाण्याचा रकानाच नाहीं, अशीं गांवें एका विहिरीवरून दुसरी व दुसरीवरून तिसरी खणीत राहतात. कर्जावर कर्ज काढणाऱ्याचा व्यवहार याहून वेगळा नसतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबास या साऱ्याशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. पुष्कळ कुटुंबांची थोडी जमीन गांवीं असते. ती भाऊबंदांकडे किंवा वाटेकऱ्याकडे असते, आणि वर्षास दोन पोतीं धान्य आलें कीं हिशेब झाला असें समजलें जातें. त्या धान्यामागें कोणीं किती दिवस काढले, बी व खत कोणाचें, विहिरीची दुरुस्ती कोणीं केली, हें लिहून ठेवलेलें नसल्यानें दोन्ही बाजूंस आपण फसलों असें वाटत राहतें, आणि चुलतभावांत कायमचें अंतर पडतें. अशा ठिकाणीं एक साधी वही, दोघांनीं सह्या केलेली, वकिलापेक्षां अधिक उपकारक होते. ज्यांची जमीन नाहीं, त्यांच्याही घरीं कांदा, साखर व दूध येतेंच. कांदा महागला म्हणजे आरडाओरड होते आणि स्वस्त झाला म्हणजे समाधान वाटतें. त्या स्वस्ताईंत कोणाच्या घरच्या साठ दिवसांचें मोल बुडालें, हें जाणून घेण्याची इच्छा असेल, तर त्याचें उत्तर शेतकऱ्याच्या वहींतच मिळावयाचें.

वही पाऊस पाडीत नाहीं, भाव चढवीत नाहीं, व दुष्काळांत कोणाचें कर्जही फेडीत नाहीं. नीट हिशेब ठेवणारा शेतकरीही बुडतो, कारण पुष्कळ गोष्टी त्याच्या हाताबाहेरच्या आहेत. परंतु आपण कशानें बुडत आहों हें त्यास कळतें. तें पिकाच्या निवडीमुळें, व्याजामुळें, पाण्यामुळें कीं भावामुळें, हें त्यास सांगतां येतें, आणि बँकेच्या अधिकाऱ्यासमोर, बाजार समितींत किंवा ग्रामसभेंत तो नुसती तक्रार न करतां आंकडा पुढें ठेवूं शकतो. १८७५ सालीं पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांस दुसऱ्याची वही जाळण्यापलीकडे मार्ग दिसला नाहीं. त्यांच्या पणतवंडांच्या हातीं लेखणी आहे. येत्या मृगाच्या आधीं शंभर पानांची एक कोरी वही आणून तिच्या पहिल्या पानावर आपल्या शेतांचीं नांवें लिहिलीं, तरी आरंभ झाला असें म्हणतां येईल.